बसा, आलोच

सूनबाईच्या प्रिंटरचं एक बरं होतं. तो बिघडला की लाल दिवा लावून निदान सांगायचा तरी. सासऱ्यांचं तसं नव्हतं. त्यांना काय होतंय, काय हवंय, काय नकोय, या सगळ्यासाठी त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, तो म्हणजे ‘पुढचा’.

चहा देऊ का, बाबा? पुढचा. पाय दुखतोय? पुढचा. खिडकी लावू? पुढचा. जन्मभर केस कापायच्या दुकानात खुर्चीमागे उभे राहिलेले सासरे दिवसातून कितीदा तरी हा शब्द म्हणायचे. एक गिऱ्हाईक झालं की त्याच्या अंगावरचं कापड ओढून घ्यायचं, सटकन झटकायचं आणि बाकावर बसलेल्यांकडे बघून म्हणायचं, ‘पुढचा’. पोटच्या मुलांची नावं घेतली नसतील इतक्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून गेला असेल. मग एका सकाळी दाढीचा ब्रश हातातून गळाला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि पाठोपाठ भाषाही गेली. जाताना तेवढा एक शब्द मागे विसरली.

डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येईल असं दिसत नाही. किती कळतंय तेही नक्की सांगता येणार नाही. त्यांनी ‘डोळे मिटा’ म्हणून पाहिलं, ‘जीभ दाखवा’ म्हणून पाहिलं. सासरे त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘पुढचा’. बाहेर पेशंटांची रांग लागलीच होती. डॉक्टरांनी तेवढं मात्र लगेच ऐकलं.

नवऱ्याने तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं की बाबांना आता काही कळत नाही. तो दुष्ट माणूस नव्हता. उलट फार मऊ होता, आणि मऊ माणसं असंच काहीतरी ठरवून मोकळी होतात. बापाला सगळं कळतंय आणि तरी तो असा बसून आहे, हे रोज सकाळी बघून बापाच्याच दुकानात कात्री हातात धरणं त्याला जमलं नसतं. सूनबाईला मात्र अधूनमधून शंका यायची. सासरे कधी कधी असे बघायचे की त्यांना सगळं कळतंय याबद्दल तिची खात्री पटायची. मग ती विचारायची, ‘बाबा, तुम्हाला कळतंय ना?’ आणि ते म्हणायचे, ‘पुढचा’. झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घराला धड खिडकी होती ती एकाच खोलीला. सूनबाई घरच्या घरी कापडावर छपाई करायची. त्यासाठीची हीट प्रेस तापली की वास सुटतो, म्हणून प्रेस त्या खोलीत हवी. आजारी माणसाला वारा लागतो, म्हणून सासरेही त्याच खोलीत हवेत. तेव्हा खिडकीशी सासऱ्यांची खुर्ची, समोर टेबलावर प्रिंटर आणि बाजूच्या भक्कम स्टुलावर प्रेस, असा तिघांचा संसार तिथे मांडलेला होता. भिंतीवर एक उभा आरसा होता, तो सूनबाईने काढून पलंगाखाली ठेवला होता. आजारानंतर पहिल्यांदा त्यात स्वतःचं वाकडं झालेलं तोंड बघून सासरे तासभर रडले होते. आयुष्यभर आरशासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं ते रडणं तिला बघवलं नव्हतं. आता भिंतीवर नुसता खिळा होता.

प्रिंटर साधाच, घरोघरी असतो तसा टाकीवाला इंकजेट. सूनबाईने तो नवा असतानाच त्यात सब्लिमेशनची शाई भरली, तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारला होता. कारण ही शाई एकदा आत गेली की प्रिंटर कायमचा त्याच कामाचा. साधा अर्ज छापायला गेलात तर तो आजारी, उतरलेल्या रंगात बाहेर येतो. पण तोच मेलेला रंग कापडावर पालथा घालून प्रेसखाली दाबला, तर शाईची वाफ होऊन ती धाग्याच्या आत शिरते आणि वर असा लखलखीत रंग येतो की बघणारा बघत राहतो. मग ते कापड धुवा, पिळा, घासा, रंग निघत नाही, कारण काढायला वर काही उरलेलंच नसतं. अटी दोनच. कापड पॉलिस्टरचं हवं, आणि कागदावर सगळं उलटं छापायला हवं, म्हणजे पालथं घातल्यावर ते कापडावर सुलट येतं. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘मिरर’ असा एक चौकोन असतो. त्यात टिचकी मारायला विसरलं की कागद वाया, शाई वाया आणि दिवस वाया. शिवाय प्रिंटर रिकामा ठेवून चालत नाही. बसून राहिला की त्याची शाई सोडणारी नोझलं आखडतात. सूनबाई रोज काही ना काही छापायची, कोणाचे मग, कोणाच्या संघाच्या जर्सी, कोणाच्या दाराची पाटी, आणि सासरे बघत बसायचे.

प्रेस उघडली की त्यांची मान पुढे यायची. कागद सोलून काढला आणि खालून रंग वर आला की तोंडाची चांगली बाजू जराशी हलायची. एवढंच. त्याला हसू म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

काम वाढत होतं आणि सासरे उचलायला जड होते. त्यांना न्हाणीघरात न्यायचं, आणायचं, घास भरवायचा, अंथरूण बदलायचं, आणि मधेच प्रेसची शिट्टी वाजली की धावत जाऊन ती उचलायची, नाहीतर कापड पिवळं. सूनबाईच्या नाकी नऊ आले होते. अशात गावाबाहेर लांब राहणाऱ्या नणंदेने विषय काढला. तिचं घर तळमजल्यावर, मागे एक मोकळी खोली, तिचा नवरा नोकरीतून सुटून घरीच. ‘बाबांना मी नेते,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दोघं किती ओढाल?’

नवऱ्याने रात्रभर कूस बदलली आणि सकाळी सूनबाईला म्हणाला, ‘बाबांना कळत असतं ना, तर मी नसतं पाठवलं. त्यांचा जीव या गल्लीत, दुकानात. पण कळतच नाही, मग इथे काय आणि तिथे काय.’

हे तो सासऱ्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहून बोलला. सूनबाईने खुर्चीकडे बघितलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

त्याच आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. प्रेस तापत होती, जर्सीवरचे धागे चिकटपट्टीच्या रोलरने काढायचं काम चाललं होतं, फोन खांदा आणि कानात धरलेला. सासऱ्यांनी सकाळी दोनदा अंथरूण खराब केलं होतं. आईने ‘कशी आहेस गं’ एवढंच विचारलं आणि सूनबाईचा बांध फुटला. बोलता बोलता ती म्हणून गेली, ‘आई, खरं सांगू? त्या दिवशीच गेले असते ना, तर ते पण सुटले असते आणि मी पण.’ सासरे डोळे मिटून बसले होते. झोपलेत, असं तिने धरून चाललं. माणूस दमलेला असला की त्याला सोयीचं तेच तो धरून चालतो.

त्यानंतर सासऱ्यांना एक नवीन खोड लागली. खुर्चीखाली एक प्लॅस्टिकची पिशवी पडलेली असायची, कागदाच्या रिमची. डाव्या हाताने चाचपडत ते तिच्यात वस्तू टाकायचे. स्वतःचा कंगवा. चष्म्याचं घर. पावडरचा डबा. एकदा एक मोजा, एकच. सूनबाई संध्याकाळी पिशवी उपसून सगळं जागच्या जागी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कंगवा पुन्हा पिशवीत. ‘हा काय खेळ मांडलाय, बाबा?’ ती म्हणायची. तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘हाताला चाळा हवा असतो अशा माणसांना. खेळू दे.’

इकडे नवऱ्याने दुकानाला रंग दिला. बापाच्या वेळचे डागाळलेले आरसे काढून भिंतभर नवा आरसा बसवला. गिऱ्हाइकांच्या गळ्यात बांधायची कापडंही नवी घ्यायची ठरली, पांढरी, घसरणारी, पॉलिस्टरची. सूनबाई म्हणाली, ‘नुसती पांढरी कशाला? मी छापून देते.’ काय छापायचं ते मात्र नवऱ्याने सांगितलं. सासरे चहाला जाताना खुर्चीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवून जायचे. त्यावर त्यांच्याच हातच्या जाडजूड अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘बसा, आलोच’. गल्लीतल्या लोकांना तो पुठ्ठा पाठ होता. सासऱ्यांचं ‘आलोच’ म्हणजे किती वेळ, यावर पैजा लागायच्या. नवऱ्याने तो पुठ्ठा घरी आणून दिला आणि जरा घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘बाबा नसले तरी त्यांचं अक्षर राहील दुकानात.’ बाबा दोन हातांवर बसलेले होते, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सूनबाईने पुठ्ठ्याचा फोटो काढला, अक्षरं साफ केली, निळा रंग दिला, खाली कात्री आणि कंगवा काढला. मिररवर टिचकी मारून एक कागद छापला, कापड आधी नुसतंच दाबून त्यातली दमट हवा घालवली, कागद पालथा घालून टेपने चिकटवला आणि प्रेस खाली ओढली. शिट्टी झाली. कागद सोलला, तर छातीवर निळीशार अक्षरं, सुलट, स्वच्छ, खुद्द सासऱ्यांच्या वळणाची. तिला इतका आनंद झाला की ती कापड घेऊन तशीच खुर्चीपाशी गेली. ‘बघा बाबा, ओळखलंत का?’

सासऱ्यांनी बघितलं. मग त्यांची मान जोरजोरात हलायला लागली. डाव्या हाताने त्यांनी कापड खेचलं, उलटं केलं, मागच्या बाजूने पुसट दिसणारी अक्षरं तिच्यापुढे नाचवली. ‘पुढचा,’ ते म्हणाले. ‘पुढचा, पुढचा.’

‘नाही आवडलं?’

‘पुढचा.’ आता ते भिंतीकडे बोट दाखवत होते.

‘पंखा लावू?’ नाही. ‘कॅलेंडर?’ नाही. ‘खिडकी? तहान लागलीय?’ प्रत्येक प्रश्नाला तो शब्द आणखी कडक येत होता. भिंतीवर त्या जागी खिळ्याशिवाय काही नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी कापड जमिनीवर टाकलं आणि चांगल्या हाताने चांगल्या मांडीवर मारून घेतलं. दुकानात गिऱ्हाईक ऐकत नसलं की ते असंच करायचे. सूनबाईचे डोळे भरून आले. आपण काय चुकलो ते तिला कळेना, आणि विचारायची सोय नाही.

‘स्वतःचं अक्षर बघून त्यांना त्रास झाला असेल,’ नवरा रात्री जेवताना म्हणाला. ‘काही दाखवत जाऊ नकोस त्यांना.’

उरलेली कापडं छापायच्या दिवशी सकाळी प्रिंटरने निळा रंग टाकायचं बंद केलं. सूनबाईने नोझलं साफ करायला घेतली, एकदा, दोनदा, मग प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला. या उठाठेवीत सगळ्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि मिररवरची टिचकी निघून गेली, ते तिच्या ध्यानात आलं नाही. कागद भराभर बाहेर पडले. तिने ते उचलून बघितले. कागदावर अक्षरं सुलट. म्हणजे कापडावर उलटी. गेलं सगळं.

‘देवा रे,’ ती म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा आपटून खाली ठेवला, तो नेमका सासऱ्यांच्या पायाशी.

सासऱ्यांनी वाकून, धडपडत, त्यातला एक कागद उचलला. बराच वेळ बघितला. मग तो पालथा करून, छापील बाजू आत, त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला आणि हाताने दाबला, प्रेस दाबावी तसा. तोंडाची चांगली बाजू वर गेली. ‘पुढचा,’ ते म्हणाले, पण आता अगदी मऊ आवाजात, आणि पुन्हा त्या खिळ्याकडे बोट केलं.

‘अहो बाबा, हे वाया गेलेत. हे उलटे येतील कापडावर.’

‘पुढचा.’

‘द्या इकडे.’

ते देईनात. तिने ओढला, त्यांनी मूठ आवळली, कागदाचा एक कोपरा त्यांच्या मुठीत राहिला. तिला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचं होतं, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी नणंद गाडी घेऊन येणार होती. तिने वाया गेलेले कागद पलंगाखाली सरकवले, मिररवर टिचकी मारली, दोनदा तपासली आणि सगळं पुन्हा छापलं. प्रेस उघडत होती, मिटत होती. सासरे बघत होते. पहिलं कापड सुलट निघालं तेव्हा त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि मग काही केल्या इकडे वळवलं नाही. मुठीतला कागदाचा तुकडा त्यांनी खुर्चीखालच्या पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सूनबाई कापडांचा गठ्ठा घेऊन दुकानात गेली. सासऱ्यांपाशी शेजारीण बसली होती. रंगाचा वास, नवा आरसा, बाकावर जुनी गिऱ्हाइकं, सगळं कसं छान होतं. पहिला मान पोस्टमनचा. तो सासऱ्यांचं जुनं गिऱ्हाईक, त्याचे केस आता कापण्यापेक्षा शोधायलाच जास्त वेळ लागायचा. नवऱ्याने कापड झटकून त्याच्या गळ्यात बांधलं, छातीवरचं नीट केलं आणि खुर्ची आरशाकडे वळवली.

पोस्टमनने आरशात बघितलं. डोळे बारीक केले. मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या.

‘अरे, हे काय लिहिलंय?’ तो म्हणाला. ‘आयुष्यभर लोकांची वाईट अक्षरं वाचली, पण हे काही लागेना मला.’

बाकावर हसू फुटलं. नवऱ्यानेही आरशात बघितलं आणि तोही हसला. आरशात ‘बसा, आलोच’ उलटंपालटं होऊन पडलं होतं. साहजिकच होतं. केस कापायला बसलेला माणूस स्वतःची छाती कधीच सरळ बघत नाही, तो आरशातच बघतो. कापणाराही आरशातच बघतो. सासरे तर गिऱ्हाइकाशी बोलायचेसुद्धा आरशातल्या गिऱ्हाइकाशी.

‘काका असते तर त्यांनी आधीच सांगितलं असतं,’ पोस्टमन सहज म्हणाला.

सूनबाई हसता हसता थांबली.

खिळा. त्या खिळ्यावर आरसा होता. त्यांनी कापड उलटं करून दाखवलं होतं, भिंतीकडे बोट केलं होतं, वाया गेलेला कागद छातीशी धरला होता. त्यांनी सगळं सांगितलं होतं. जिभेशिवाय माणूस जेवढं सांगू शकतो तेवढं सगळं सांगितलं होतं, आणि आपण पंखा लावू का विचारत होतो.

‘अहो, बाबांना कळतं,’ ती म्हणाली. तिने नवऱ्याला कसंबसं सगळं सांगितलं, नमुन्याचं कापड, खिळा, कागद. बोलताना तिचा आवाज चढत गेला. नवऱ्याची कात्री पोस्टमनच्या कानाशी हवेतच राहिली. तो आरशाकडे बघत होता, आणि आरशातल्या त्याच्या तोंडावरचा रंग उतरत गेलेला सगळ्यांना दिसलं.

‘ताईला थांबव,’ तो म्हणाला. ‘मी आलोच.’

रस्त्याने ती जवळजवळ पळत होती. पहिल्या वळणापर्यंत तिला नुसता आनंद होता. बाबांना कळतं. म्हणजे ते आहेत, आत आहेत, पूर्वीसारखेच आहेत. कुठेही पाठवायला नको. दुसऱ्या वळणावर तिची चाल मंदावली. त्यांना कळतं, म्हणजे कधीपासून कळतं? आपण त्यांच्यासमोर काय काय बोललो? नवरा काय बोलला? आणि मग फोन आठवला. तापलेली प्रेस, खांद्याशी धरलेला फोन, मिटलेले डोळे. त्या दिवशीच गेले असते ना. त्यानंतरच पिशवीचा तो खेळ सुरू झाला होता. कंगवा, चष्म्याचं घर, पावडर, मोजा. तो खेळ नव्हताच. ते रोज आपलं सामान बांधत होते, आणि ती रोज संध्याकाळी ते सोडत होती.

ती रस्त्याच्या कडेला एका पायरीवर बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी पोचली तेव्हा दारात गाडी उभी होती. नणंदेने बॅग भरून ठेवली होती, औषधं वेगळी, कपडे वेगळे. सूनबाई दम खात म्हणाली, ‘ताई, बाबांना नेऊ नका.’

‘अगं, काल तर तूच विचारत होतीस, किती वाजता येता म्हणून.’

‘त्यांना सगळं कळतं, ताई.’

नणंदेने तिच्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. ती समजूतदार बाई होती. ‘मग त्यांनाच विचार,’ ती म्हणाली. ‘ते नको म्हणाले तर मी आल्या पावली परत जाते.’

सूनबाई सासऱ्यांच्या पायाशी बसली. त्यांना कोणीतरी बाहेरचे कपडे घातले होते. डाव्या हातात ती प्लॅस्टिकची पिशवी होती.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘मी फोनवर जे बोलले ते तुम्ही ऐकलंत ना?’

ते तिच्याकडे बघत राहिले.

‘मी दमले होते, बाबा. मला तसं म्हणायचं नव्हतं.’ मग तिला वाटलं, या माणसाशी आता तरी खोटं बोलू नये. ‘तेव्हा म्हणायचं होतं. आता नाहीये. तुम्ही जाऊ नका. जायचं नसेल तर माझा हात दाबा. नुसता दाबा.’

तिने हात पुढे केला. सासऱ्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. डावा हात उचलून तिच्या मानेपाशी नेला आणि बोटांनी हलकेच काहीतरी झटकलं, केस कापून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मानेवरचे बारीक केस झटकतात तसं. ‘पुढचा,’ ते म्हणाले. लहान मूल कात्रीला घाबरून रडायला लागलं की त्याला म्हणायचे त्या आवाजात. मग त्यांनी हात पुन्हा पिशवीवर ठेवला. तिचा हात तसाच पुढे राहिला.

तिने आणखी एकदा विचारलं. आणखी एकदा. त्यांनी हात दाबला नाही. त्यांना कळत नव्हतं असं आता म्हणताही येत नव्हतं.

काय करावं ते तिला सुचेना, तेव्हा तिला जे येत होतं ते तिने केलं. प्रेस चालू केली. पलंगाखालून वाया गेलेल्या कागदांतला एक ओढून काढला. उरलेलं एक कोरं कापड घेतलं, कागद पालथा घातला, टेप लावली. प्रेस तापल्यावर कापड आत सरकवून ती खाली ओढली. शिट्टी झाली, सूनबाईने कागद सोलला. उलटी, निळीशार अक्षरं. मग तिने पलंगाखालून आरसा काढला, पदराने पुसला आणि खिळ्यावर टांगला. कापड सासऱ्यांच्या गळ्यात बांधलं, मागची वेल्क्रोची चिकटपट्टी लावली आणि त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली.

सासऱ्यांनी आरशात बघितलं. वाकडं तोंड, वाढलेली दाढी, पातळ झालेले केस, आणि छातीवर त्यांच्याच अक्षरात, सुलट, ‘बसा, आलोच’. ते रडले नाहीत. बघत राहिले. आरशातून त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या सूनबाईकडे गेली आणि त्यांनी मान डोलावली, एकदाच. काम मनासारखं उतरलं की डोलवायचे तशी.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि नवरा दारात येऊन उभा राहिला. खिशात कंगवा तसाच, बाह्यांवर पोस्टमनचे पांढरे केस. ‘बाबा,’ तो म्हणाला आणि त्यापुढे त्यालाही शब्द सापडला नाही.

सासऱ्यांनी डावा हात मानेमागे नेला, चिकटपट्टी उपटली आणि कापड अंगावरून ओढून काढलं. एका हाताने जमेल तसं ते झटकलं. पूर्वीसारखा आवाज आला नाही. कापड त्यांनी सूनबाईच्या हातात दिलं, पिशवी उचलली आणि दारात उभ्या असलेल्या मुलाकडे बघून म्हणाले, ‘पुढचा.’